शेठच्या नावाची मूठ

जिनिंगच्या आवारात चुन्याच्या रेषा मारल्या आहेत. सरळ, पांढऱ्या, एकमेकींना काटकोनात कापणाऱ्या. दिवाळीनंतर जिथं कापसाचे ढीग लागायचे आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर पार वळणापर्यंत जायची, तिथं आता प्लॉट पडणार आहेत. रेषांच्या आत अजून कुणाचं नाव नाही. पण ज्यांच्या छातीत या आवाराची रुई बसली आहे, त्यांच्यापैकी एकाचंही नाव तिथं लागणार नाही. धरणगावात कुणालाही विचारा.

आज सकाळी फाटकासमोर कामगारांची सभा होती. मी बरीच आधी गेले. खळीचा डबा आणि पत्रकांचा गठ्ठा कडुनिंबाखाली ठेवला आणि वाकलेल्या गजांमधून आत शिरले. यंत्रं केव्हाच विकली गेली. शेडमध्ये जमिनीतून वर आलेले गंजके बोल्ट तेवढे राहिलेत, आणि वास. सरकीचा तेलकट, किंचित कडवट वास. यंत्रं विकता आली, पत्रे विकता आले, वास कुणी विकत घेतला नाही म्हणून राहिला. तो नाकात गेला आणि मी तिथंच, बोल्टांच्या मधे, उकिडवी बसले.

हा आमच्या आबांचा वास. माझे वडील इथं फिटर होते. दसऱ्याला जिन सुरू व्हायचं आणि कापूस संपेपर्यंत, उन्हं चटकायला लागेपर्यंत, चालायचं. त्या महिन्यांत आबा घरी आले की भुवयांवर रुई असायची, पापण्यांवर असायची, कानातल्या केसांवर असायची. आई अहिराणीत म्हणायची, "म्हातारा उना!" म्हणजे म्हातारा आला. आणि आबा डोकं झटकून तरुण व्हायचे. हा रोजचा खेळ. आम्ही रोज हसायचो. त्यांच्या सदऱ्यात तापलेल्या चामड्याचा वास असायचा, कारण जिनाचे रोलर चामड्याचे. शाळेत बसून मला सगळी यंत्रं एकदम चालताना ऐकू यायची, आणि त्या घुमण्यात आबा कुठंतरी आहेत हे माहीत असल्यामुळं मला गणिताची भीती वाटायची नाही.

फिटरच्या खोलीत भिंतीला खुंट्या होत्या. ज्याची खुंटी त्याची, तिच्यावर त्याचा मोठा पाना. हंगाम संपला, गडी घरी गेला, आजारी पडला, तरी पाना खुंटीवर राहायचा. पाना टांगलेला आहे म्हणजे माणसाची जागा आहे. दुसऱ्याच्या खुंटीला कुणी हात लावत नसे. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता. आमच्याकडं असे नियम लिहीत नाहीत, आणि त्यातच आमचा घात आहे, पण ते पुढं.

आबांचं अर्धं आयुष्य या शेडमध्ये होतं. दुसरं अर्धं एका काळ्या ट्रंकेत.

आबा टेरिटोरियलमध्ये होते. टेरिटोरियल म्हणजे काय, हे मला कॉलेजातही समजावून सांगावं लागलं आणि सभांमध्ये आजही लागतं. माणूस आपला धंदा, नोकरी सांभाळतो आणि वर्षातले दोन महिने सैनिक होतो. कवायत करतो, बंदूक चालवतो, परत येऊन आपल्या कामाला लागतो. गरज पडली की सरकारचं बोलावणं येतं. मग ते सांगतील तितके दिवस, सांगतील तिथं. गावाला हे कधी कळलंच नाही. गावाच्या लेखी फौजी म्हणजे कायमचा फौजी, बाकी सगळं सोंग. जिनातले गडी आबांना चिडवायचे, "दोन महिन्यांचा मेजर!" सरूबाई नावाची एक कापूस टाकणारी बाई होती, तोंडाची तिखट. ती म्हणायची, "आठे बी हंगामी, तठे बी हंगामी. बायको तरी कायम शे ना रे?" आबा सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

उन्हाळ्यात जिन बंद झालं की ट्रंक निघायची. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर. हिरवे कपडे दोरीवर, पट्ट्याचं पितळ राखेनं आणि चिंचेनं घासलेलं. आई म्हणायची त्याला बाजारातली पॉलिश असते, आबा म्हणायचे चिंचेसारखं काही नाही, आणि आम्ही बोटं चाटायचो. बूट दोन. एक मी घासायची, एक आबा. मग जळगावला गाडी बदलून ते देवळालीच्या कॅम्पला जायचे. घर एकदम शांत व्हायचं. आंबे यायचे, आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, निंबाच्या झाडाला झोके बांधले जायचे, माहेरी आलेल्या बाया गाणी म्हणायच्या, आणि मी झोक्यावरून स्टेशनच्या रस्त्याकडं बघायची.

आबा परत यायचे ते काळेठिक्कर होऊन, हातांना बंदुकीच्या तेलाचा वास घेऊन. पिशवीत शक्करपारे असायचे, कडक, दातांची परीक्षा बघणारे. पहिले आठ-दहा दिवस ते हिंदीत बोलायचे. "फटाफट!" म्हणायचे. अंथरूण चौकोनी घडीत घालायला लावायचे. आई कमरेवर हात ठेवून उभी राहायची, "ओ साहेब, हाई घर शे. तुमनी बराक नहीं." मग हळूहळू आबांचं हिंदी विरघळायचं, खांदे सैल व्हायचे, आणि दसरा यायच्या आत ते पुन्हा जिनचे व्हायचे. खंडेनवमीला पाटावर पितळी पट्टा आणि छोटा पाना शेजारी शेजारी ठेवून आई दोन्हींना हळदकुंकू लावायची. मला तेव्हा वाटायचं, प्रत्येकाच्याच घरी असं असतं. प्रत्येकाचेच वडील दोन असतात.

आता शेठ.

शेठला मी एकेरीतच लिहिणार. जिनचा मालक. पांढरं धोतर, पांढरी टोपी, बोलणं लोण्यासारखं. पंधरा ऑगस्टला आवारात झेंडा लागायचा आणि आबांना हिरव्या कपड्यांत बोलावणं असायचं. शेठ दोरी ओढायचा, आबा कडक सलाम ठोकायचे, आम्हा पोरांना जिलबी. गावातले पुढारी आले की शेठ आबांच्या पाठीवर हात ठेवायचा, "हा आमचा फौजी. आमच्या जिनचा फौजी आहे हा." आबांची छाती फुगायची. माझीसुद्धा. मी जिलबी खात खात बघायची आणि मला आभाळ ठेंगणं व्हायचं. आज त्या जिलबीची आठवण आली की तोंडात कडू होतं. काचेच्या कपाटात चांदीची वस्तू ठेवावी तसा त्यानं आमचा माणूस ठेवला होता. पाहुणे आले की काढायचा, पुसायचा, दाखवायचा.

मी पाचवीत होते तेव्हा श्रावणात मोठं बोलावणं आलं. कॅम्पचं नव्हे. पंजाबात, पुलांच्या पहाऱ्यावर. किती दिवस, ते कुणी सांगू शकत नव्हतं. आबा जायला तयारच होते, त्याबद्दल मी त्यांच्या तोंडून कधी तक्रारीचा एक शब्द ऐकला नाही. त्यांना घोर होता तो एकच. दसऱ्याला जिन सुरू होईल आणि आपण नसू. खुंटीवर पाना आहे, पण तो किती दिवस पुरेल?

शेठ म्हणाला, "फौजी, काळजी करतोस? तुझी जागा तुझीच. तुझ्या मशिनला दुसऱ्याचा हात लागणार नाही."

बोलावणं आलेल्या माणसाला परत आल्यावर कामावर घ्यावंच लागतं, असा कायदा आहे. तेव्हाही होता. आम्हाला कुणी सांगितला नाही. शेठला माहीत असेल की नसेल, देव जाणे. आमच्या घरात कायद्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला नाही. आमच्या घरात विचार झाला तो रोटाचा.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात आमच्याकडं कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, बांगड्या, साडी, वर करंज्यांचा फुलोरा. शनिवारी गहू दळायचे. चक्कीवाला चक्की धुऊन ठेवतो. ते गहू मापानं घेत नाहीत. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकायची. जो दूर गेला आहे त्याचीही मूठ. पाळण्यातल्या पोराची मूठ. बायांची नाही, मुलींची नाही. मी मोठमायला, म्हणजे आबांच्या मोठ्या वहिनीला, दरवर्षी विचारायची, "मनी मूठ?" ती म्हणायची, "तुनी तुना नवराना घर." तो राग वेगळा, त्याचं पत्रक मी वेगळं काढीन. तर त्या पिठाचा रोट. पुरणाच्या पोळ्या, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, खीर. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला घास नाही. उंबऱ्याबाहेर कण जायचा नाही. आणि उरवायचाही नाही, घरच्यांनीच संपवायचा. ज्यानं रोट खाल्ला तो भाऊबंद, आणि भाऊबंदानं भावाच्या ताटावरून त्याला उठवायचं नसतं.

आबांनी शेठला रोट घालायचं ठरवलं.

मोठमाय भडकली. सूप खाली ठेवून उभी राहिली. "डोकं फिरनं का तुमनं भाऊजी? परका माणूसले रोट? कानबाई कोपी ना!"

"शब्द दिन्हा ना त्यानी," आबा म्हणाले. "रोट खादा म्हणजे शब्द पक्का. मंग तो परका राहस का?"

"कागदवर लिखी ल्या," आई चुलीपासून म्हणाली. एकदाच, हळू आवाजात. त्या दिवशी घरात शहाणं माणूस ते एकच होतं आणि ते चुलीपाशी होतं.

"कागद?" आबांना वाईट वाटलं. "भाऊले कोनी कागद मांगस का?"

मूठ पडली. मोठमायनं डोळे मिटून, तोंडातल्या तोंडात, शेठचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकले.

रविवारी शेठ आला. अत्तर लावून आला. कानबाईपुढं हात जोडले, नारळ ठेवला. पाटावर मांडी घालून बसला. आईनं पोळी वाढली, वर तुपाची धार. आबा समोर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू लग्न लागतंय. शेठनं पहिली पोळी संपवली, दुसरी मागून घेतली. बोटं चाटली. "वा! याला म्हणतात घरचं," म्हणाला. मोठमायनं त्याला सरळच विचारलं, "रोट म्हणजे काय, माहीत शे ना शेठजी?" शेठ हसला. "माहीत आहे हो, अक्का. आता मी तुमचाच." बाहेर बाया कानबाईची गाणी म्हणत होत्या, फुलोऱ्यातली करंजी वाऱ्यानं फिरत होती, आणि माझ्या वडिलांना वाटलं, त्या घासाघासाबरोबर आपली जागा राखली गेली. दोन दिवसांनी ते गेले.

पुढचे दोन हंगाम मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. भोंगा वाजायचा आणि घरातून कुणी निघायचं नाही. आई आबांचा सदरा न धुता घडी घालून ठेवायची. वास जाईल म्हणून. पुढच्या श्रावणात आबांच्या नावाची मूठ टाकताना मोठमायचा हात सुपावर जरा जास्त वेळ थांबला होता. त्यांच्या वाटचा रोट आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला, आई मात्र नुसती पोळी कुस्करत बसली. थंडीत पंजाबात धुकं असतं, असं भूगोलात होतं. ते धुकं मला रुईसारखं दिसायचं. आबा त्यात उभे, भुवया पांढऱ्या, आणि म्हातारा उना म्हणायला तिथं कुणी नाही.

आले तेव्हा जिन चालू होतं. स्टेशनवरून घरी आले, पाणी प्यायले, मला उचलायला गेले आणि मी मोठी झाले होते म्हणून हसले. अंघोळ केली, तो जुना सदरा घातला आणि तसेच जिनमध्ये गेले. मी मागं मागं पळत गेले. शेड, घुमणं, उडणारी रुई, सगळं तेच. बाया ओरडल्या, "मेजर उना, मेजर!" आबा सगळ्यांना हात करत फिटरच्या खोलीत शिरले.

त्यांच्या खुंटीवर दुसरा पाना होता.

आबांचा पाना खाली कोपऱ्यात, तुटक्या रोलरांच्या ढिगात पडला होता. खुंटीवाला माणूस आत आला. चाळीसगावकडून आणलेला, रामदास नावाचा. आबांना बघून तो चपापला. "भाऊ, माले कोनी सांगं नहीं," म्हणाला. "खुंटी रिकामी शे, आसं सांगं." त्याच्यावर माझा राग नाही. त्याला पोट होतं, त्यानं पाना टांगला. ज्यानं खुंटी रिकामी आहे म्हणून सांगितलं, त्याच्यावर आहे आणि मरेपर्यंत राहील.

शेठ गादीवर होता. उठला, आबांना मिठी मारली. खरंच मारली. चहा मागवला. मग म्हणाला, "अरे फौजी, देशासाठी लढून आलास आणि आता ग्रीसमध्ये हात घालणार? शोभतं का तुला? मी तुझ्यासाठी मानाची जागा ठेवलीय. गेटवर उभा राहा. तुझ्यासारखा माणूस गेटवर असला म्हणजे वट पडते जिनची."

"पन मी फिटर शे, शेठजी."

"फौजी आहेस तू, फौजी! फिटर काय, कुठंही मिळतात."

ही मालक लोकांची रीत नीट बघा. लाथ मारताना ते तुमच्या गळ्यात हार घालतात. माझ्या बापाचं कसब त्याच्या वर्दीनं झाकून काढून घेतलं. हिरवे कपडे गेटवर घालायला आबांनी नकार दिला, ते सरकारचे आहेत म्हणून. तर शेठनं दुसरे शिवून दिले. खाकी, मोठी सोनेरी बटणं, खांद्यावर लाल झुपका, गळ्यात शिटी. माझी एक मैत्रीण शाळेतून येताना म्हणाली, "अगं, तुझे आबा बँडमध्ये लागले का?" मी तिला तिथंच रस्त्यावर लोळवलं. घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही.

आबा त्या फाटकावर उभे राहिले. गाडी आली की सलाम. शेड तिथून हाकेच्या अंतरावर. सगळी यंत्रं त्यांना ऐकू यायची. त्यात एखादं जिन अडखळलं की त्यांची मान वळायची आणि हाताची बोटं आपोआप पाना धरल्यासारखी मिटायची. ते मी पाहिलंय. आता संध्याकाळी घरी येताना भुवया काळ्याच असायच्या. आईनं तो जुना खेळ पुन्हा कधी केला नाही.

पुढच्या श्रावणात सूप आलं, गहू आले, भाऊबंद जमले. मोठमाय नावं घेत चालली. आबांची मूठ पडली. मग शेठच्या नावापाशी ती थांबली. जिवंत भाऊबंदाची मूठ एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही, तसा रिवाज नाही. तिनं आबांकडं बघितलं.

"टाक," आबा म्हणाले.

आई चुलीवरून उठली. आयुष्यात पहिल्यांदा ती जेठाणीच्या आणि जेठांच्या देखत नवऱ्यावर ओरडली. "त्याना नावनी मूठ? तुमनी जागा खादी ना त्यानी, पोट नहीं भरनं का त्यानं?"

"त्यानी मोडा. आपन कसाले मोडवा?" आबा म्हणाले. एवढंच.

मूठ पडली. आणि शेठ काही येणार नव्हता. मग त्याच्या वाटचा रोट कुणी खायचा? उरवायचा तर नाही. आबांनी खाल्ला. स्वतःचा वाटा खाऊन झाल्यावर शेठच्या वाटची पोळी पुढं ओढली आणि मान खाली घालून, एकेक घास, संपवली. त्यानंतर दरवर्षी. आमच्या घरात दरवर्षी, कानबाईच्या नथीसमोर, माझे वडील आपल्याला फसवणाऱ्या माणसाचं जेवण जेवले. कुणी जेवताना इतकं हरलेलं मी बघितलं नाही. माझं सगळं राजकारण त्या ताटापासून सुरू होतं. लोक विचारतात, कुठल्या शिबिरात शिकलीस? कुठल्याही नाही.

मोठी झाले, जळगावला कॉलेजात गेले, पत्रकं लिहायला लागले. कायदा वाचला आणि संतापानं झोप उडाली. आबांशी भांडले. धुळ्याहून आंदोलन करून आले की भांडायची, निवडणुका आल्या की भांडायची. "तुमचा रोट तुम्हालाच बांधतो आबा! त्याला कुठं बांधतो? गरिबाची रीत गरिबाच्याच गळ्यात!" आबा ऐकून घ्यायचे. "तू म्हनस ते खरं व्हई," म्हणायचे. "पन मी खाऊ घालेल शे. मांगे कसं लेऊ?" मी दार आपटून निघून जायची. आबांच्या चांगुलपणाचा मला जितका राग आला, तितका शेठच्या लबाडीचाही आला नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

मग जिन बंद झालं. आता प्लॉट. कामगार आपला हक्क मागायला उभे राहिले तेव्हा शेठचा मुनीम म्हणाला, इथं कायमचं कुणी नव्हतंच, सगळे आले-गेले. पहिल्या हंगामापासून कोण कुठल्या यंत्रावर होतं हे तोंडपाठ असलेला माणूस एकच उरला आहे. आबा. सगळे आमच्या घरी आले. सरूबाई काठी टेकत आली. आबा म्हणाले, "भाऊबंदना विरुद्ध उभं राहता येस नहीं माले." सरूबाई ओट्यावरच थुंकली आणि गेली.

या वर्षीची कानबाई गेल्या रविवारी झाली. शनिवारी मी मुद्दाम घरी गेले नव्हते. ते ताट मला बघायचं नव्हतं. आईनं सांगितलं ते असं. मोठमायचे हात आता कापतात. नावं घेत घेत ती शेठपर्यंत आली, मूठ भरली आणि सुपावर नेली. आबांनी तिचं मनगट धरलं. मोठमाय म्हणाली, "भाऊजी, जित्ता माणूस शे तो." आबा म्हणाले, "राहू दे. मना पोटमा आते जागा नहीं." मोठमायच्या मुठीतले गहू जमिनीवर सांडले. बराच वेळ कुणी वेचले नाहीत. मग आईनं झाडू आणला आणि कोंबड्यांना घातले.

हे सगळं बोल्टांच्या मधे बसून आठवलं. बाहेर माणसं जमायला लागली होती म्हणून उठले, गजांतून बाहेर आले.

शंभरेक लोक असतील. बायाच जास्त. मुनीम चार पोलिसांबरोबर फाटकाशी उभा होता, शेठ गाडीत, काच खाली. आणि रस्त्याच्या कडेनं आबा येताना दिसले. पांढरा सदरा, पायजमा. हातात काही नाही. मला त्यांनी सांगितलं नव्हतं येणार म्हणून. गर्दी बाजूला झाली.

शेठनं गाडीतूनच हाक मारली, तोच जुना लोण्याचा आवाज. "अरे फौजी! ये, ये. इकडं ये."

आबांचा उजवा हात उठला. इतक्या वर्षांची सवय, कपाळाकडं निघालाच होता.  हात छातीपर्यंत आला, थांबला, आणि त्यांनी तो खाली घेतला.

"सुपडू म्हणा," आबा म्हणाले. "मना नाव सुपडू शे. सुपडू फिटर."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  मग मागून काठीचा आवाज आला, सरूबाई पुढं आली. दात नाहीत, पण जीभ तीच.

"सुपडू फिटर का रे तू?" ती म्हणाली. "मंग इतला वरीस कोठे व्हता, मुडदा?"

बाया हसल्या. आबा हसले नाहीत.

"आठेच व्हतू, सरूबाई," ते म्हणाले. "गेटवर उभा व्हतू."

मग त्यांनी गाडीकडं पाठ केली, बायांकडं तोंड केलं आणि पहिल्या जिनवर कोण होतं तिथपासून एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायला सुरुवात केली. बायांची आधी.